पॅसिफिक तापला नि घर भरलं

प्रियदर्शनीच्या पोटात बातमी राहत नाही, हे मेश्रामांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दहावीचा निकाल तिने जिन्यातूनच ओरडून सांगितला होता. धम्मदीपचं निकितावर प्रेम आहे हे तर तिने भावाच्याही आधी आईबाबांना सांगून टाकलं होतं. त्यामुळे जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती हेल्मेट न काढताच घरात घुसली, तेव्हा शालनबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"बोल एकदाची. पोळी करपतेय."

"आई, पॅसिफिक तापलाय!"

"कोण तापलंय?"

"महासागर गं! पार तिकडचा, दक्षिण अमेरिकेच्या बाजूचा. तिथलं पाणी नेहमीपेक्षा कितीतरी गरम आहे, आणि आमचं गणित जुळलं! यंदाचा उन्हाळा विदर्भाला भाजून काढणार!"

बातमी वाईट होती, पण पोरीचा चेहरा असा फुलला होता की जणू लग्न भावाचं नसून तिचंच ठरलं होतं. संशोधन करणाऱ्या माणसांचं हे असंच असतं. गणित सुटल्याचा आनंद आधी होतो, गणितात काय होतं ते मागाहून आठवतं. प्रियदर्शनी एका हवामान संशोधन संस्थेत नोकरीला होती आणि हिवाळ्यातल्या समुद्रावरून विदर्भाचा पुढचा उन्हाळा आधीच ओळखता येतो का, या एका प्रश्नाच्या मागे ती गेली तीन वर्षं हात धुऊन लागली होती.

तिला मागाहून आठवलं ते हेल्मेट काढताना. तिचा आवाज एकदम खाली आला.

"आई, आत्या."

शालनबाईंनी गॅस बंद केला.

मुक्ताई म्हणजे प्रियदर्शनीच्या वडिलांची, नागोरावांची, मोठी बहीण. भंडाऱ्याजवळच्या एका गावात पत्र्याच्या घरात एकटी राहायची. आई लवकर गेली, तेव्हा नागोरावांना तिनेच वाढवलं, शिकवलं, आणि टेलिफोन खात्यात नोकरी लागल्यावर पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. गेल्या मे महिन्यात ती हापशावर पाणी भरताना कोसळली. कितीतरी दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी तिला घरी सोडताना नागोरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की असा उन्हाचा दुसरा झटका ही म्हातारी सोसणार नाही.

बाहेरच्या खोलीत नागोराव आणि धम्मदीप लग्नपत्रिकेचा मजकूर ठरवत बसले होते. तारीख ठरली होती, बुद्ध पौर्णिमा. वेळही ठरली होती, दुपारी बारा वाजता, नदीकाठच्या मैदानावर, मांडव घालून. मे महिन्यात भर बाराला लग्न कोण लावतं, असं निकिताच्या वडिलांनी जरा चाचरत विचारलं होतं. त्यावर नागोरावांनी छाती पुढे काढून उत्तर दिलं होतं, "आम्ही लावतो. मुहूर्त मानत नाही म्हटलं, की ते दिसायला पाहिजे."

यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून मेश्रामांच्या घरात पंचांग आलं नाही. नागोरावांनी स्वतःचं लग्न मुद्दाम पितृपक्षात लावलं होतं. "हॉल तेवढा रिकामा मिळाला," एवढंच शालनबाई त्याबद्दल बोलत.

अशा माणसासमोर जाऊन प्रियदर्शनीने सांगितलं, की येत्या एप्रिल-मेमध्ये काय होणार ते तिला आज कळलंय.

नागोरावांनी चष्मा काढला. "भविष्य? आमच्या घरात?"

"भविष्य नाही, बाबा. अंदाज."

"पोपटवालासुद्धा असंच म्हणतो."

"पोपटवाला कारण सांगत नाही. मी सांगते. चला आत."

आणि तिने खरंच त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. शालनबाईंच्या ओट्यावर तिने पृथ्वी मांडली. एका शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवलं आणि गॅस पेटवला.

"जिथे जाळ, तिथली हवा वर चढते. बरोबर? वर चढलेली हवा कुठेतरी खाली उतरणारच. एरवी हा जाळ आपल्या बाजूच्या समुद्राखाली असतो, इंडोनेशियाकडे. ढग तिकडे उठतात, त्यांचा फायदा आपल्यालाही मिळतो. यंदा जाळ सरकला तिकडच्या शेगडीखाली, पार अमेरिकेच्या दिशेने. म्हणून आपल्या डोक्यावरची हवा खाली बसते. खाली बसणारी हवा ढग धरू देत नाही. आठवा, गेल्या ऑगस्टात पाऊस कसा दडी मारून बसला होता!"

"तो गेला ऑगस्ट. तू मे महिन्याचं बोलतेस."

"तेच तर!" प्रियदर्शनी जागच्या जागी उडी मारायचीच बाकी होती. "ओला माठ उन्हात ठेवला तरी गार राहतो, कारण त्याच्यावरचं ऊन पाणी सुकवण्यात खर्च होतं. कोरडा माठ मात्र तापतो. पावसाळ्यात विदर्भाची जमीन नीट भिजलीच नाही. विदर्भ आता कोरडा माठ आहे, बाबा, आणि वर आभाळ मोकळं राहणार आहे."

नागोराव पातेल्यातल्या वाफेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कळलं. पटलं असं म्हणत नाही."

"मग तपासा."

हा शब्द मात्र बरोबर वर्मावर लागला. कोणाचंही ऐकून मानू नये, स्वतः तपासावं, ही शिकवण त्यांनी पोरांना भाताबरोबर भरवली होती. आता पोरगी त्यांचंच नाणं त्यांनाच मोजून देत होती. त्यांनी खुर्ची ओढली.

"मी उन्हाळे सांगतो. तू त्याच्या आधीचा समुद्र सांग. पण मी आधी बोलणार आणि तू लॅपटॉप माझ्याकडे पाठ करून धरायचा नाहीस."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत नागोराव दर मे महिन्यात रजा काढून गावी गेलेले. तिथले उन्हाळे त्यांच्या अंगात मुरले होते. ते सांगू लागले. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून आलं ते वर्ष. गावच्या विहिरीने तळ दाखवला ते वर्ष. धम्मदीपचा घोळणा फुटला आणि त्याला ओल्या पोत्यावर निजवला ते वर्ष. प्रत्येक वर्षाला प्रियदर्शनी आधीच्या हिवाळ्यातला नकाशा उघडायची आणि पॅसिफिकच्या पोटात लाल पट्टा दिसायचा. शालनबाई पोळ्या विसरल्या. धम्मदीप पत्रिका विसरला. "आता ते सांगा, बाबा, माझ्या बारावीचं!" असं तोही ओरडू लागला.

एका वर्षी मात्र घोळ झाला. नागोरावांना आठवणारा तो उन्हाळा जीवघेणा होता आणि नकाशावर समुद्र चक्क थंड होता.

"हे काय?" नागोरावांनी बोट ठेवलं.

"हे चुकलं," प्रियदर्शनी म्हणाली. "समुद्र एकटाच कारभारी नसतो. आणखी कारणं असतात, ती सगळी आम्हाला माहीत नाहीत. मी शक्यता सांगते, बाबा, खात्री नाही. आणि ऋतूचं सांगते, दिवसाचं नाही. बुद्ध पौर्णिमेला किती तापेल हे मला आज विचारलंत, तर मी कानावर हात ठेवीन."

गंमत अशी, की नागोरावांना पटलं ते या चुकलेल्या वर्षामुळे. स्वतःची चूक स्वतः उघडून दाखवणारा ज्योतिषी त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्यांनी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. स्पीकर चालू केला आणि पुण्यात इतकी वर्षं काढलेला माणूस एका क्षणात भंडाऱ्याला पोचला.

"बाई, जय भीम! आयकून घे. मार्चात तुले घ्याले येतो. लग्नापर्यंत अन् लग्नानंतरही पानी पडेपर्यंत इथंच रायचं. यंदा ऊन लय हाये."

"जानेवारीत तुले मे महिन्याचं ऊन दिसते काय रे?"

"मले नाई, पोरीले दिसते. समुद्रात दिसते."

मुक्ताईने समुद्र कधी पाहिला नव्हता, पण पोरगी तिची लाडकी होती. "प्रिया सांगून रायली, तं खरं असन," ती म्हणाली. "पन मले सांग नागो, ते ऊन माह्या एकटीच्याच घरावर पडनार हाये काय?"

"तसं नाई, बाई..."

"इंदुबाईचंही घर पत्र्याचंच हाये. बाजूच्या दोघी बहिनी माह्याहूनही म्हाताऱ्या. हिरा हाये. त्यायले सोडून मी एकटी येऊन पंख्याखाली बसू? ऊन काय मलेच नाव घेऊन पुकारते?"

नागोरावांनी शालनबाईंकडे पाहिलं. शालनबाईंनी छताकडे पाहिलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात लग्नघर. मग त्या फोनजवळ येऊन म्हणाल्या, "आणा सगळ्यांना, बाई. मन मोठं पाहिजे, जागा काय, होते." फोन ठेवल्यावर मात्र त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही आणि धम्मदीप आता गॅलरीत झोपणार आहात, हे कळलंय ना?"

मार्चच्या सुरुवातीला नागोराव जाऊन सगळा लवाजमा घेऊन आले. मुक्ताई, इंदुबाई आणि त्या दोघी बहिणी. त्यांच्याबरोबर मोहाची फुलं, लाखोळीची डाळ, एक पाटा आणि त्यावरचा वरवंटा. "पुन्यात दगड भेटत नाईत काय?" असं गाडीत कोणीतरी विचारलं, तर इंदुबाई म्हणाली, "भेटतीन, पन त्यायले आमचा हात कुठं माहीत?" हिरा तेवढी आली नाही. तिची म्हैस व्यायला झाली होती आणि म्हशीला रेल्वेत घेत नाहीत. तिला नागोरावांनी एक मोबाइल घेऊन दिला आणि बजावलं, की रोज दुपारी जेवणाच्या वेळेला फोन येईल, तो उचलायचाच.

शनिवार पेठेतल्या त्या शांत इमारतीत मग असा काही गजबजाट सुरू झाला की विचारू नका. सकाळी पाट्यावर मसाला वाटल्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. मंडईत चौघी एका रांगेत चालायच्या आणि भाजीवाल्याशी अशी घासाघीस करायच्या की तो हात जोडायचा. निकिता संध्याकाळी यायची तर चौघी मिळून तिला गाणी शिकवायच्या. प्रियदर्शनी कामावरून धावत घरी यायची, कारण घरात आता रोज जत्रा होती आणि ती जत्रा आपण समुद्राच्या भरवशावर भरवलीय, या विचाराने ती दारातूनच एकदा आभाळाकडे बघायची.

कारण उन्हाळा येईना.

मार्च सुखाचा गेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तर पुण्यात ढग आले, झुळझुळ वारा सुटला आणि लोक संध्याकाळी पातळ शाली काढायच्या विचारात पडले. खालच्या मजल्यावरच्या भाग्यश्रीताई अस्सल पुणेरी होत्या, त्यांनी संधी सोडली नाही. जिन्यात प्रियदर्शनी दिसली की त्या फार काळजीने विचारायच्या, "काय गं, पॅसिफिकची तब्येत बरी आहे ना? उतरला का ताप?"

"उतरेल, ताई. पण आपल्याकडे चढेल."

"चढू दे हो. आम्ही स्वेटर धुवायला टाकलेत, तोवर वाळतील."

प्रियदर्शनी हसायची आणि घरात येऊन नकाशे उघडायची. मनात भलतेच विचार यायचे. चार म्हाताऱ्यांना त्यांच्या घरातून उठवून आणलं. उन्हाळा सौम्य निघाला तर त्या काही बोलणार नाहीत, पण पुढच्या वेळी ऐकणारही नाहीत. आणि पुढच्या वेळी न ऐकणं, तेच घातक असतं. तिला या भीतीने जेवण जाईना. मुक्ताईला ते दिसत होतं. ती एवढंच म्हणायची, "घोडामैदान जवळच हाये, पोरी. जेव."

एप्रिलच्या शेवटी आभाळ स्वच्छ झालं आणि उन्हाळा मग असा आला की जणू राहिलेली सगळी उधारी त्याला एकदम वसूल करायची होती. पुण्यात रस्ते दुपारी ओस पडू लागले. कसबा पेठेत माठ घ्यायला गेलेला धम्मदीप रिकाम्या हाताने परत आला, माठ संपले होते. आणि विदर्भ! रोज संध्याकाळी बातम्यांमध्ये विदर्भाचे आकडे यायचे आणि घरातल्या सगळ्या बायका टीव्हीभोवती गोळा व्हायच्या. इंदुबाई एकदा हळूच म्हणाली, "आपन तिथं असतो तं?" भाग्यश्रीताई एका दुपारी वर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. गार आहे. दोघींना खाली झोपायला पाठवा." एवढंच बोलून त्या गेल्या. पुण्यात माफी अशीच मागतात.

प्रियदर्शनी बरोबर ठरली होती. तिचा आनंद मात्र जानेवारीसारखा उड्या मारत नव्हता, कारण आता त्या लाल पट्ट्याच्या टोकाला हिरा एकटी बसली होती.

रोज दुपारी जेवणाच्या वेळेला नागोराव फोन लावायचे. चौघी भोवती बसायच्या. हिरा म्हशीचं सांगायची, नव्या पारडीचं सांगायची आणि "तुमी तिकडं मजा करा, मी इकडं पापडावानी भाजून रायली" असं म्हणून हसायची. म्हैस व्याली आता तरी ये म्हटलं, तर म्हणायची, "पारडीले कोन पाहीन?"

लग्नाला आठवडाभर होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या, "दुपारी ठीक बारा वाजता" हे शब्द त्यांवर ठळक छापलेले होते. प्रियदर्शनी रजा घेऊन घरीच होती. नागोरावांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली.

"झोपली असेल," शालनबाई म्हणाल्या.

"हिरा?" मुक्ताई उठून बसली. "फोनासाठी ते हातातला घास टाकते. पुन्हा लाव."

पुन्हा लावला. पुन्हा नुसतीच घंटा. प्रियदर्शनीने आपल्या फोनवर भंडाऱ्याचं तापमान पाहिलं. तिने वडिलांच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावलाच आणि गावातल्या समाधानला लावला. समाधान ऑटो चालवायचा, गल्लीच्या टोकाला राहायचा.

"समाधानदादा, हिराआजीकडे पळ. आत्ता. पॅसेंजर असू दे, घेऊन जा त्यांनाही!"

फोन चालूच राहिला. ऑटोचा खडखडाट, समाधानचा श्वास, मग दाराची कडी. "घरात नाई, ताई." "मागं पाहा, गोठ्यात पाहा!" मुक्ताई ओरडली. पावलांचा आवाज आला आणि मग समाधानचा घाबरलेला आवाज. "पडली हाये ताई. बादली हातातच हाये. अंग निस्तं तापलं. काहीबाही बोलून रायली, मले वळखत नाई."

प्रियदर्शनीचा आवाज अजिबात कापला नाही, याचं तिला स्वतःलाच नंतर नवल वाटलं. "सावलीत घे. पाणी पाजू नकोस, अंगावर ओत, सगळं ओत. लुगडं भिजव. मान, काखा, जांघा ओल्या ठेव. सुपाने वारा घाल, पॅसेंजरला घालायला सांग!" नागोराव दुसऱ्या फोनवर एकशेआठच्या रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होते. शालनबाई देव मानत नव्हत्या, म्हणून नुसतेच हात घट्ट धरून उभ्या होत्या. पुण्यातल्या त्या खोलीत सातआठ माणसं एका फोनला वारा घालत असल्यासारखी त्याच्याभोवती वाकली होती. गाडीचा भोंगा ऐकू आला, दारं आपटली, आणि समाधान म्हणाला, "नेली ताई. मी मागूनच चाललो."

नंतरची दुपार कशी गेली ते कोणालाच नीट सांगता येणार नाही. चहा झाले आणि कोणी प्यायले नाहीत. ऊन उतरायला लागलं तेव्हा समाधानचा फोन आला. हिरा शुद्धीवर आली होती. डॉक्टर म्हणाले, अंग वेळेत थंड केलं म्हणून वाचली, नाहीतर अवघड होतं. आणि शुद्धीवर येताच तिने पहिला प्रश्न विचारला होता तो पारडीचा.

मग काय आरडाओरडा झाला! इंदुबाईने टाळ्या वाजवल्या, त्या दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, धम्मदीपने बहिणीला उचलून गरागरा फिरवलं. खालून भाग्यश्रीताईंनी विचारलं, "वाचल्या का?" आणि "वाचल्या!" असा सगळ्या घराने एका सुरात जबाब दिला.

नागोराव डोळे पुसत हसत होते. मुक्ताईने त्यांना जवळ बोलावलं.

"नागो, तू मुहूर्त मानत नाईस ना?"

"नाही बाई. कधीच नाही."

"मंग बारा कायले धरून बसला?"

नागोरावांनी समोरची पत्रिका उचलून पाहिली.

"भर उन्हात चारपाचशे मानसं बसवशीन. त्यात माह्यावानी किती असतीन. पोरगी म्हनते दिवसाचं सांगता येत नाई. मंग जे सांगता येत नाई त्याच्यासाठी सावध रायचं का छातीवर घ्याचं? अन् एक आयक. जे सोडता येत नाई, त्यालेच मुहूर्त म्हन्तेत. आपल्या बापानं तो सोडला होता. तू बाराचा नवा करून ठेवला."

नागोरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला, आणि मग, हे प्रियदर्शनी आयुष्यभर विसरणार नाही, ते मोठ्याने हसले. अगदी खदखदून. "अरे, खरंच की!" ते म्हणाले. "मुहूर्त नाही, म्हणजे पहाटसुद्धा आपलीच! धम्मदीप, निकिताच्या वडिलांना फोन लाव. लग्न सूर्योदयाला."

पुढचे दिवस म्हणजे नुसती धांदल. पाहुण्यांना फोन, मांडववाल्याला फोन, स्वयंपाक्याची मनधरणी. बौद्धाचार्य म्हणाले, "पहाटे? उत्तम. मला तरी कुठे घाम गाळायची हौस आहे." निकिताचे वडील इतके खूश झाले की त्यांनी नागोरावांना दोनदा धन्यवाद दिले. आणि भाग्यश्रीताईंनी, कोणी सांगितलं नसताना, इमारतीच्या दाराशी पाटी लावली: 'मेश्राम यांच्याकडील विवाह सकाळी सहा वाजता आहे. बारा वाजता येणाऱ्यांनी मांडवाचे बांबू सोडवण्यास मदत करावी.'

बुद्ध पौर्णिमेच्या पहाटे नदीकाठी खरोखर पाचशे माणसं जमली. जांभया देत आली, पण आली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, नदीवरून येणारा गार वारा आणि बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या, त्यासुद्धा न विझता. पहिल्या रांगेत मुक्ताई, इंदुबाई आणि त्या दोघी. त्रिशरण पंचशील झालं. शेजारी समाधानला व्हिडिओ कॉल लावलेला मोबाइल प्रियदर्शनीने हातात उंच धरला होता, आणि त्याने तिकडे आपला फोन दवाखान्यात हिराच्या खाटेकडे वळवला होता.

वधूवरांनी हार उचलले आणि फोनमधून खणखणीत आवाज आला.

"मले काईच दिसत नाई! त्या फोटोवाल्याले बाजूले करा कोनी!"

सगळा मांडव वळून बघायला लागला. फोटोवाला गोरामोरा होऊन खाली बसला. प्रियदर्शनी फोन पुढे घेऊन निघाली, पण त्याच्या आधी निकिताच मंचावरून उतरली. हातात हार तसाच. पांढऱ्या साडीचा पदर सावरत ती फोनसमोर आली, खाली वाकली आणि म्हणाली, "हिराआजी, आता दिसतंय का?"

हिराने पडद्यावरच्या निकिताच्या गालावर बोट टेकवलं. मग ती म्हणाली, "दिसते, माय. जित्ती हाये म्हनून दिसून रायलं."

मुक्ताईने उठून प्रियदर्शनीच्या हातातला फोन आपल्या हातात घेतला. पाचशे माणसांसमोर, सकाळच्या कोवळ्या उन्हात, प्रियदर्शनी हमसून हमसून रडली, आणि तिला कोणी गप्प केलं नाही.